मोठी गाडी, लहान गल्ली

मुलांनो, तुमच्या मोहल्ल्यात कोणी नवी गाडी आणली की काय होते? लहान मुले तिच्याभोवती गोळा होतात. कोणी काचेत स्वतःचा चेहरा पाहतो, कोणी हळूच चाकाला हात लावतो. मोठी माणसे विचारतात, "केवढ्याला पडली?" मालकाचा चेहरा आनंदाने फुललेला असतो.

आमच्या मालेगावच्या गल्लीतही एकदा असेच झाले. आमचे शेजारी हाजीचाचा सुताचे व्यापारी आहेत. वीस वर्षे ते स्कूटरवर फिरले. धंद्यात बरकत आली, तेव्हा त्यांनी एक मोठी फोर व्हील ड्राइव्ह गाडी विकत घेतली. उंच, रुंद, काळी कुळकुळीत. तिच्यात चढायला पायरी होती. गल्लीतली सर्व मुले तिला 'हत्ती' म्हणू लागली. चाचांनी सगळ्यांना पेढे वाटले आणि मलाही म्हणाले, "बेटी, आता पाऊस येवो की खड्डे येवोत, फिकीर नाही!"

चाचांचे म्हणणे खरे होते का? अशी मोठी गाडी शहरात रोज वापरणे शहाणपणाचे आहे का? माझ्या नववीच्या वर्गातील मुलींनी मला हाच प्रश्न विचारला, "आपा, मोठी गाडी चांगली की लहान?" त्या प्रश्नाचे उत्तर आपण आज मिळून शोधू या. मात्र उत्तर शोधण्यापूर्वी ही गाडी मुळात चालते कशी, हे समजून घ्यायला हवे.

साध्या मोटारीला चार चाके असतात, पण इंजिनाची ताकद त्यांपैकी दोनच चाकांना मिळते. काही गाड्यांत ती पुढच्या दोन चाकांना मिळते, तर काहींत मागच्या दोन चाकांना. उरलेली दोन चाके नुसती फिरत राहतात. चांगल्या रस्त्यावर एवढे पुरते. पण समजा, ताकद मिळणारे चाक चिखलात गेले, तर? ते जागच्या जागी गरगर फिरते, चिखल उडवते आणि आणखी खोल रुतते. गाडी मात्र इंचभरही पुढे सरकत नाही.

फोर व्हील ड्राइव्ह गाडीत इंजिनाची ताकद चारही चाकांपर्यंत पोहोचवता येते. मागची चाके घसरू लागली तर पुढची चाके गाडी ओढतात. पुढची घसरली तर मागची ढकलतात. बैल चिखलात अडकला की एक जण पुढून दोरी ओढतो आणि दुसरा मागून रेटा देतो, तसेच हे आहे. अशा बहुतेक मोठ्या गाड्यांत एक जास्तीचा गिअरही असतो. तो टाकला की गाडी अगदी हळू, पण फार जोराने चढ चढते.

अशी गाडी प्रथम मोठ्या प्रमाणावर बनली ती युद्धासाठी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ मध्ये, अमेरिकेत सैन्यासाठी 'जीप' तयार होऊ लागली. रस्ता नसलेल्या ठिकाणी, वाळूत, चिखलात, डोंगरावर ती जात असे. युद्ध संपल्यावर लोकांना वाटले की ही गाडी शेतावरही उपयोगी पडेल. इंग्लंडमध्ये १९४८ साली 'लँड रोव्हर' आली, तीही शेतकऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवूनच.

आपल्या देशात जीप कशी आली, ही गोष्टही ऐकण्यासारखी आहे. १९४५ मध्ये लुधियाना येथे 'महिंद्रा अँड मोहम्मद' नावाची कंपनी सुरू झाली. तिचे संस्थापक होते महिंद्रा बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद. सुरुवातीला ती पोलादाचा व्यापार करीत असे. १९४७ मध्ये या कंपनीने मुंबईत जीपचे सुटे भाग जोडून गाड्या तयार करायला सुरुवात केली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले आणि त्या देशाचे पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव बदलून 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाले. खेड्यापाड्यांत फिरणारी जीप पुढे सर्वांच्या ओळखीची झाली. तहसीलदाराची जीप, पोलिसांची जीप, निवडणुकीच्या प्रचाराची जीप तुमच्या आजोबांना चांगली आठवत असेल.

येथे एक गंमत लक्षात घ्या. ती मूळची युद्धातील जीप केवढी होती? लांबी सुमारे ३.३ मीटर, रुंदी १.६ मीटरपेक्षा थोडी कमी आणि वजन अदमासे १,१०० किलो. म्हणजे पुढे आपल्याकडे घरोघरी पोहोचलेल्या मारुती ८०० या छोट्या मोटारीइतकीच तिची लांबी होती! चिखलातून जाण्यासाठी गाडी प्रचंड असावी लागत नाही. आजच्या मोठ्या फोर व्हील ड्राइव्ह गाडीची लांबी मात्र ४.८ मीटरच्या आसपास, रुंदी १.८५ मीटर आणि वजन दोन हजार किलोंच्या वर असते. काम तेच राहिले, पण शरीर वाढत गेले.

आता आपण ही गाडी शहरात आणू या. डांबरी किंवा सिमेंटच्या कोरड्या रस्त्यावर चाक सहसा घसरत नाही. तेथे चारही चाकांना ताकद देण्याची गरजच पडत नाही. एवढेच नाही, तर अशा पुष्कळ गाड्यांत कोरड्या रस्त्यावर फोर व्हील ड्राइव्ह चालू करायचेच नसते. का बरे? गाडी वळते तेव्हा पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा जास्त अंतर कापतात. पण फोर व्हील ड्राइव्ह चालू केले की पुढचा आणि मागचा भाग एकमेकांशी जखडला जातो. दोघांना सारख्याच वेगाने फिरावे लागते. चिखलात चाक थोडे घसरून हा फरक भरून काढते. कोरड्या रस्त्यावर ते घसरू शकत नाही. मग टायर घासतात आणि आतल्या यंत्रावर ताण पडतो. म्हणून शहरात चालक ते बंदच ठेवतो. काही महाग गाड्यांत हा दोष टाळण्याची खास सोय असते. पण साध्या रस्त्यावर तिचा उपयोग किती, हा प्रश्न उरतोच. थोडक्यात सांगायचे तर, ज्या यंत्रासाठी जास्तीचे पैसे मोजले, ते वर्षातले बहुतेक दिवस नुसते ओझे म्हणून सोबत फिरते. उन्हाळ्यात घोंगडी पांघरून हिंडावे, तशी ही गत आहे.

काही जण म्हणतात, "पण चार चाकांना ताकद असली की गाडी लवकर थांबते." हा मोठा गैरसमज आहे. ब्रेक तर साध्या मोटारीच्याही चारही चाकांना असतात. फोर व्हील ड्राइव्ह गाडीला निघायला मदत करते, थांबायला नाही. ओल्या रस्त्यावर गाडी कुठे थांबेल, हे टायर, ब्रेक, रस्ता आणि मुख्य म्हणजे वेग यांवर अवलंबून असते. उलट निघताना गाडी जराही घसरली नाही, म्हणून चालकाला वाटते की रस्ता चांगला आहे. तो वेग वाढवतो आणि फसतो.

दुसरा गैरसमज पाण्याचा आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. रस्त्यांच्या नद्या झाल्या. कित्येक गाड्या पाण्यात बुडाल्या आणि काही माणसे गाडीतच अडकून मरण पावली. उंच गाडी थोड्या साचलेल्या पाण्यातून निघून जाते, हे खरे. पण वाहते पाणी फार बलवान असते. सुमारे एक फूट वाहते पाणी लहान मोटारीला हलवू शकते आणि दोन फूट वाहते पाणी बहुतेक मोठ्या गाड्यांनाही वाहून नेऊ शकते. पाणी गाडीला खालून उचलते. चाके जमिनीवर टेकलीच नाहीत, तर ताकद दोन चाकांना असो की चारांना, काय उपयोग? म्हणून पुरात गाडी घालू नये. मग ती कितीही मोठी असो.

खड्ड्यांचे काय? येथे चाचांचे म्हणणे काहीसे बरोबर होते. आपल्या रस्त्यांवर खड्डे आहेत आणि गतिरोधकही उंच आहेत. गाडीचे पोट जमिनीपासून उंच असले तर ते घासत नाही. पण ही गुणवत्ता उंचीची आहे, फोर व्हील ड्राइव्हची नाही. पोट उंच असलेल्या लहान गाड्याही बाजारात मिळतात. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. रस्त्यावर दिसणाऱ्या उंच, रुबाबदार गाड्यांपैकी बहुतेकींत फोर व्हील ड्राइव्ह नसतेच! त्या दिसतात जीपसारख्या, पण चालतात साध्या मोटारीसारख्या.

आता थोडे गणित करू या. एक माणूस रोज घरापासून दुकानापर्यंत जाऊन येऊन २० किलोमीटर प्रवास करतो असे धरू. महिन्याचे २५ दिवस धरले तर ५०० किलोमीटर होतात. शहरातील गर्दीत त्याची लहान पेट्रोल मोटार एका लिटरमध्ये १६ किलोमीटर जाते आणि मोठी डिझेल गाडी १० किलोमीटर जाते असे माना. लहान मोटारीला महिन्याला सुमारे ३१ लिटर पेट्रोल लागेल, तर मोठीला ५० लिटर डिझेल लागेल. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. एक लिटर डिझेलमधून सुमारे २.७ किलो. म्हणजे लहान मोटार महिन्याला ७२ किलो वायू सोडील आणि मोठी १३५ किलो. प्रवासी तोच, रस्ता तोच, काम तेच. धूर मात्र जवळजवळ दुप्पट.

पैसा ज्याचा त्याचा आहे, असे तुम्ही म्हणाल. पण गल्ली ज्याची त्याची नसते. ती सर्वांची असते. हे मला कसे कळले, ते सांगते.

पावसाळ्यातील एक रात्र होती. माझ्या अम्मीला अचानक श्वास घेता येईना. मी धावत जाऊन नाक्यावरून ऑटोरिक्षा आणली. रिक्षा गल्लीत शिरली आणि थांबली. समोर 'हत्ती' उभा होता. चाचा घरच्या मंडळींसह दुसऱ्या रिक्षाने लग्नाला गेले होते. किल्ली त्यांच्या खिशात होती. रिक्षावाल्याने पुढे-मागे करून पाहिले. रिक्षा काही निघेना. शेवटी शेजारच्या मुलांनी अम्मीला खुर्चीवर बसवले आणि खुर्ची उचलून नाक्यापर्यंत नेली. पाऊस पडतच होता. कोणीतरी तिच्या डोक्यावर प्लास्टिक धरले होते. अल्लाहच्या कृपेने आम्ही वेळेत दवाखान्यात पोहोचलो. अम्मी आज बरी आहे. पण खुर्चीवरची ती दोनशे पावले मी कधी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी टेप घेऊन गल्ली मोजली. रुंदी भरली १० फूट. गाडीची रुंदी ६ फूट १ इंच. गाडी भिंतीला अगदी चिकटवून उभी केली आणि तिचे आरसे मिटवले, तरी उरतात ३ फूट ११ इंच. ऑटोरिक्षाची रुंदी साधारण ४ फूट ३ इंच असते. म्हणजे चार इंच कमी पडले! गाडीच्या जागी लहान मोटार असती तर? तिची रुंदी पाच फुटांहून थोडी कमी असते. मग पाच फूट जागा उरली असती आणि रिक्षा सरळ आमच्या दारापर्यंत आली असती. चार इंच तुमच्या हाताच्या रुंदीएवढे असतात. कधीकधी एवढ्याशा जागेत एखाद्याचा जीव अडकतो.

संध्याकाळी चाचा आमच्या घरी आले. त्यांचे डोळे खाली होते. "बेटी, मला कळले असते तर..." एवढेच ते बोलले. मी त्यांना काही बोलले नाही. चुकीचा हेतू त्यांच्या मनात कधीच नव्हता. मी फक्त म्हणाले, "चाचा, उद्या माझ्या विद्यार्थिनींना तुमची गाडी जरा पाहू द्याल का?"

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानात आम्ही एक प्रयोग केला. गाडीचे इंजिन बंद होते आणि किल्ली माझ्याजवळ होती. चाचा चालकाच्या जागेवर बसले. गाडीच्या अगदी पुढे पाच मुली एकीमागे एक मांडी घालून बसल्या. मी विचारले, "चाचा, किती मुली दिसतात?" चाचांनी मान उंच केली आणि म्हणाले, "तीन." पहिल्या दोघी त्यांना दिसतच नव्हत्या! उंच बॉनेटने त्यांना झाकून टाकले होते. नंतर आमच्या एका सरांच्या लहान मोटारीपुढे त्याच मुली बसल्या. त्या वेळी पाचही जणींची डोकी दिसली. चाचा बराच वेळ गप्प होते. त्यांचा नातू तीन वर्षांचा आहे आणि तो त्याच गल्लीत खेळतो.

हा धोका केवळ आमच्या गल्लीपुरता नाही. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षेवर काम करणाऱ्या एका विमा संस्थेने २०२३ मध्ये पादचाऱ्यांच्या अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या गाड्यांचे बॉनेट ४० इंचांपेक्षा उंच होते, त्यांच्या धडकेत पादचारी मरण पावण्याचा संभव ३० इंच किंवा त्याहून कमी उंचीच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त आढळला. कारण समजण्यास सोपे आहे. बुटक्या मोटारीचा धक्का पायांना लागतो आणि माणूस बॉनेटवर पडतो. उंच गाडीचा धक्का छातीला किंवा डोक्याला लागतो. मुलांची उंची तर आणखी कमी. शिवाय वजनाचाही विचार करा. वेग सारखा असेल, तर २,१०० किलोंच्या गाडीतील गतिज ऊर्जा ८०० किलोंच्या मोटारीपेक्षा अडीच पटींहून अधिक असते. आत बसलेल्यांना जड गाडीत सुरक्षित वाटते आणि लहान गाडीशी टक्कर झाली तर त्यांचे रक्षण जास्त होते, हेही खरे. पण तेवढा धोका समोरच्याच्या वाट्याला जातो. काही लोक गाडीपुढे लोखंडी गार्ड लावतात, त्याने हा धोका आणखी वाढतो. म्हणूनच डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने असे गार्ड बेकायदा असल्याचे राज्यांना कळवून कारवाई करण्यास सांगितले.

जगातील मोठी शहरेही आता या प्रश्नाचा विचार करू लागली आहेत. फ्रान्सची राजधानी पॅरिस येथे फेब्रुवारी २०२४ मध्ये नागरिकांचे मत घेण्यात आले. जड गाड्यांसाठी पार्किंगचे दर तिप्पट करावेत का, असा प्रश्न होता. मतदानाला थोडेच लोक आले, पण आलेल्यांपैकी सुमारे ५४ टक्क्यांहून अधिक लोकांनी 'हो' म्हटले. ऑक्टोबर २०२४ पासून बाहेरून येणाऱ्या जड गाड्यांना शहराच्या मध्यभागी तासाला १८ युरो द्यावे लागू लागले. ज्यांची गाडी जास्त जागा अडवते, त्यांनी जास्त मोल द्यावे, हा त्यामागचा विचार आहे.

तर मग फोर व्हील ड्राइव्ह गाडी वाईट आहे का? मुळीच नाही. लडाखच्या बर्फात ती हवी. मेळघाटच्या जंगलात पावसाळ्यात गस्त घालणाऱ्यांना ती हवी. पुरात किंवा दरड कोसळल्यावर मदत घेऊन जाणाऱ्यांना ती हवी. हाजीचाचांचेच उदाहरण घ्या. गिरणेच्या काठी त्यांची थोडी शेती आहे. तेथील काळी माती पावसात इतकी चिकट होते की बैलगाडीही रुतते. त्याच पावसाळ्यात कांद्याची पोती घेऊन निघालेला एक टेम्पो तेथे अडकला होता. चाचांनी फोर व्हील ड्राइव्ह चालू केले, दोर बांधला आणि टेम्पो बाहेर काढला. त्या दिवशी 'हत्ती' खरोखर हत्तीसारखा कामाला आला. मोठे कुटुंब असेल, वारंवार कच्च्या रस्त्याने जायचे असेल, तर अशी गाडी घेण्यात चूक नाही.

सुईचे काम तलवारीने होत नाही आणि तलवारीचे काम सुईने होत नाही. वस्तू चांगली की वाईट, हे ती कुठे आणि कशासाठी वापरतो यावर ठरते. गाडी घेताना शेजाऱ्याला काय वाटेल, यापेक्षा आपल्याला रोज कुठे जायचे आहे, हा प्रश्न आधी विचारावा. दुकान जवळ असेल तर सायकल किंवा स्कूटर पुरते. गर्दीच्या शहरात बस सर्वांत बरी. एका बसमध्ये चाळीसहून अधिक माणसे बसतात आणि रस्त्यावर ती तीन मोठ्या गाड्यांच्या रांगेपेक्षाही कमी लांबी अडवते. शहराच्या रोजच्या कामासाठी मोटार हवीच असेल, तर लहान मोटार पुष्कळ झाली.

चाचांनी काय केले, हे तुम्हाला जाणून घ्यावेसे वाटत असेल. त्यांनी 'हत्ती' विकला नाही. तो आता महामार्गाजवळच्या त्यांच्या गोदामात उभा असतो आणि शेतावर जाताना बाहेर पडतो. गल्लीत चाचा पुन्हा जुन्या स्कूटरवरून येतात. मुले विचारतात, "चाचा, हत्ती कुठे गेला?" चाचा हसून म्हणतात, "जंगलात!"

मुलांनो, आज घरी गेल्यावर एक काम करा. एक टेप घ्या आणि तुमच्या गल्लीची रुंदी मोजा. तेथे उभ्या असलेल्या गाड्यांची रुंदी मोजून वजा करा. उरलेल्या जागेतून ऑटोरिक्षा जाईल का? रुग्णवाहिका जाईल का? अग्निशामक दलाचा बंब जाईल का? उत्तर वहीत लिहा आणि घरातील मोठ्यांना वाचून दाखवा.